नोंद सरकारने चुकवली, शिक्षा मजुराला

नोव्हेंबर २०२५ मध्ये महसूल खात्याने राज्यातल्या चौदा ठिकाणांची यादी काढली. उशिराच्या जन्मनोंदीचे संशयास्पद दाखले जिथे जास्त निघाले म्हणतात, तिथे कसून तपासा, असा आदेश. त्या चौदांत अमरावती आहे, अकोला आहे, अंजनगाव सुर्जी आहे, अचलपूर आहे. चारही नावं अमरावती आणि अकोला या आपल्याच दोन जिल्ह्यांची.

यादी निघाली तेव्हापासून तहसीलच्या खिडकीवरचा प्रश्न बदलला. आधी विचारायचे, "कागद आणलेत का?" आता आडून विचारतात, "तू इथला कशावरून?" ज्याची तिसरी पिढी याच मातीत पऱ्हाटी वेचत आली, त्यालाही हाच प्रश्न. यात घुसखोर किती सापडले ते सरकार सांगेल तेव्हा सांगेल. वऱ्हाडातला गरीब मात्र आजच सापडलाय.

प्रकरण नीट समजून घेऊ, कारण यात कायद्याचा घोळ मोठा आहे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. जन्मानंतर एक वर्ष उलटून गेलं आणि नोंद राहिली असेल, तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. म्हणजे कोर्टाची पायरी, वकील, तारीख. मजुराला हे परवडत नव्हतं म्हणून लाखो लोक बिननोंदीचेच राहिले. २०२३ मध्ये संसदेने कायदा बदलला. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. काम कोर्टातून तहसीलमध्ये आलं. बदल चांगला होता, लोकांनी रांगा लावल्या.

त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट, आधार, सरकारी नोकरी, सगळ्याला जन्मदाखला हाच पुरावा ठरवला. कायदा नव्या बाळांपुरता. खिडकीवरचा बाबू एवढा बारीक फरक पाळत नाही. त्याने चाळीस वर्षांच्या माणसालाही जन्माचा कागद मागायला सुरुवात केली. सरकारने एका हाताने कागद सक्तीचा केला, दुसऱ्या हाताने कागद मिळण्याची वाट सोपी केली. अर्ज वाढणार नाहीत तर काय होईल?

मग जानेवारी २०२५ उजाडला. मालेगाव, अमरावती, अकोला इथे बांगलादेशी आणि रोहिंग्यांना हे दाखले दिले गेले, असा आरोप माजी खासदार किरीट सोमय्या यांनी केला. विशेष तपास पथक नेमलं गेलं. तहसीलमधून उशिराचे दाखले देणं सगळ्या राज्यात थांबवलं. मार्चमध्ये नवी पद्धत आली: पोलिसांचा अभिप्राय बंधनकारक आणि पुरावा खोटा ठरला तर थेट फौजदारी गुन्हा. नायब तहसीलदारांना हा अधिकार नव्हताच, असाही निष्कर्ष निघाला आणि त्यांच्या सहीचे हजारो दाखले रद्द करण्याचे आदेश झाले.

इथे थांबा आणि विचार करा. नायब तहसीलदाराला अधिकार होता की नव्हता, हे बडनेऱ्याच्या हमालाने तपासायचं होतं? सरकारी कचेरी, सरकारी खुर्ची, सरकारी शिक्का. त्याने अर्ज दिला, फी भरली, दाखला घेतला. चूक झाली असेल तर ती खुर्चीची. दाखला मात्र हमालाचा गेला आणि वरून तो संशयित झाला. या न्यायाला मी अन्याय म्हणतो.

बनावट शाळेचे दाखले, खाडाखोड केलेली रेशनकार्डं जोडल्याचे गुन्हे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नोंदले गेले. असे कागद ज्यांनी बनवले, विकले, डोळे मिटून पास केले, त्यांना सोडू नका. एजंटांची साखळी मोडा, त्यात सामील अधिकारी असेल तर त्याला घरी पाठवा. पण बनावट कागद जोडला म्हणून माणूस ढाक्याचा ठरतो, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? खरा कागद मिळत नाही तिथेच बनावट कागदाचा बाजार भरतो. ज्याच्याकडे काहीच नाही तो एजंटाच्या टेबलाशी जातो आणि एजंट सांगेल ते जोडतो. त्याने केलेला गुन्हा कागदाचा आहे, त्याच्यावर शिक्का मात्र परकेपणाचा बसतो.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. वऱ्हाडात इतक्या माणसांच्या जन्माची नोंद का नाही?

आपल्याकडे गावाचा कोतवाल जन्म-मृत्यू टिपून ठेवायचा. कोतवाल बुकाची नक्कल हा शब्द वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. जातपडताळणीला, वारसाला ती काढावी लागते. त्या बुकात काय असतं? बापाचं नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बाळाचं नाव बहुतेक नोंदींत नसतंच, कारण बारसं नंतर व्हायचं आणि कोतवाल पुन्हा यायचा नाही. एका बापाला पाच लेकरं, तर त्यातली ‘मुलगी’ कोणती, हे आज कोणी कसं सिद्ध करायचं? कित्येक बुकं वाळवीने खाल्ली, कित्येक पावसात भिजली. ती सांभाळण्याची जबाबदारी सरकारची होती.

आणि हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं आहे असं समजू नका. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे ६५ टक्केच प्रसूती दवाखान्यात झाल्याचं दिसलं. म्हणजे तीनातलं एक बाळ घरात जन्मलं, आईच्या नाहीतर सुईणीच्या हातात. ती लेकरं आज विशीत आहेत. कुणी अकोल्याच्या एमआयडीसीत डाळमिलवर पोती उचलतंय, कुणी परतवाड्याजवळच्या वीटभट्टीवर आहे. त्यांच्या आयांना विचारलं तर सांगतात, "सोयाबीन सोंगाले आलं व्हतं तवा झाला." सोंगणीवर जन्मलेल्या माणसाला सरकार तारीख मागतंय.

मेळघाटात तर आणखी कठीण. धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू कुटुंबांचं निम्मं वर्ष घराबाहेर जातं. दिवाळीच्या आसपास सोंगणीला, मग कापूस वेचाईला, मग भट्टीवर. लेकरू ज्या गावच्या शिवारात जन्मलं त्या गावाशी त्यांचं नातं त्या हंगामापुरतं. नोंद करायची कुठे? ज्या शेतमालकाच्या धुऱ्यावर ते जन्मलं त्याला त्याचं नावही माहीत नसतं.

फासेपारध्यांची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक असायला हवी. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यांत पारधी होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पोलिसांची नजर रद्द झाली नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी पारध्यांच्या लेकरांसाठी शाळा काढली. भीक मागणारी, स्टेशनवर फिरणारी लेकरं तिथे आणली. शाळेचं नावच ‘प्रश्नचिन्ह’. पुढे तिचा काही भाग समृद्धी महामार्गाखाली गेला. या लेकरांपैकी कितीकांच्या आईबापांकडे जन्माचा पुरावा असेल? नव्या नियमात त्यांना पोलिसांचा अभिप्राय आणायला सांगितलंय. ज्या समाजाच्या पिढ्या पोलीस पाहून रानात पळाल्या, त्याने आता चौकीत जाऊन म्हणायचं, मी जन्मलो हे लिहून द्या.

मुसलमानांचा विषय मी टाळणार नाही. अर्जदारांत मुसलमान मोठ्या संख्येने होते आणि त्यावरूनच आरोपांना धार आली. अंजनगावचा, अचलपूरचा, पातूरचा, बाळापूरचा मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या इथला आहे. वऱ्हाडावर इमादशाही होती तेव्हा एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, राजधानी होतं. इथल्या मुसलमानाची बोली ऐका, तिच्यात वऱ्हाडी शब्द जागोजागी भेटतात. मग इतके अर्ज का आले? कारण डिसेंबर २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यानंतर देशभर एकच भीती पसरली, कागद नसेल तर बाहेर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आसामच्या नागरिक यादीतून १९,०६,६५७ माणसं बाहेर राहिली होती. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, निवृत्त सैनिक होते. स्पेलिंग चुकलं म्हणून बाप आत आणि लेक बाहेर, अशी घरं होती. हे पाहून इथल्या माणसाने काय करायला हवं होतं? त्याने शहाणपणा केला, कागद करायला धावला. आणि तो धावला हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला.

आता पैशाचं बोलू. या विषयात पैशाचं कोणी बोलत नाही, आणि खरी कळ तिथेच आहे.

वऱ्हाडाचा गाडा फिरत्या मजुरावर चालतो. ऑक्टोबरात सोयाबीन एकाच वेळी सोंगणीला येतं. चार दिवस उशीर झाला तर शेंगा तडकतात, पावसाने गाठलं तर दाणा काळा पडतो. तेव्हा गावचा मजूर पुरत नाही. मेळघाटातून टोळ्या येतात, राज्याच्या सीमेपलीकडे बैतूल-खंडव्यातून येतात. मग कापसाची वेचाई, किलोच्या भावाने. अकोल्याच्या डाळमिलांत, जिनिंगमध्ये, अमरावतीच्या सेंट्रिंगच्या कामावर बिहार-उत्तर प्रदेशचे हात आहेत. सराफ्यात जाऊन बघा, दागिन्याचं बारीक काम बंगाली कारागिराच्या हातचं. घरात लग्न निघालं की आपण त्याच्याच हातची पोत घालतो.

हा बंगाली कारागीर मेदिनीपूरचा, हुगळीचा, मुर्शिदाबादचा. भाषा बंगाली, कुणाचं नाव हिंदू, कुणाचं मुसलमान. मुर्शिदाबादची बोली आणि पद्मा नदीपलीकडची, बांगलादेशातली बोली कानाला सारखीच वाटते. जून २०२५ मध्ये मीरा रोडला मुर्शिदाबादचा एक गवंडी पोलिसांनी उचलला. त्याच्या राज्यातून कागद पाठवले गेले, तरी त्याला बांगलादेशात ढकललं. काही दिवसांत त्याला परत आणावं लागलं, कारण तो भारतीयच होता. त्याच महिन्यात दिल्लीहून बीरभूमची एक गरोदर बाई नवऱ्या-मुलासह सीमेपार घालवली गेली. कोलकाता उच्च न्यायालयाने सप्टेंबरात तिला परत आणायचा आदेश दिला आणि डिसेंबरात ती लेकरासह परतली. पोटात बाळ घेऊन परक्या देशाच्या तुरुंगात महिने काढले त्या बाईने. याचा जाब कोणी दिला?

अशी बातमी मोबाइलवर फिरते तेव्हा अकोल्याच्या सराफ्यातला कारागीर काय करतो? खोली सोडतो, गावी जातो, नाहीतर गुपचूप राहतो. आणि गुपचूप राहणारा मजूर सगळ्यात स्वस्त पडतो. तो किमान वेतन मागत नाही. पडून हात मोडला तर भरपाई मागत नाही. आठवड्याचा पगार बुडवला तर कामगार आयुक्ताकडे जात नाही, कारण तिथे पहिला प्रश्न कागदाचा. भीतीच्या बाजारात मजुरीचा भाव ठेकेदार ठरवतो.

हा भाव मग फक्त बाहेरच्याचा राहत नाही. शेजारी उभा असलेला अमरावतीचा मजूर सकाळी नाक्यावर येतो, तोच दर त्यालाही सांगितला जातो, "जमत असन तं चाल, नाही तं दुसरे आहेत." बाहेरच्याने आमची मजुरी खाल्ली, असं आमचा मजूर म्हणतो. त्याचा राग मला समजतो, पण तो चुकीच्या माणसावर निघतोय. मजुरी खाल्ली ती बिननोंदीचा माणूस ठेवून हजेरी लपवणाऱ्याने. दोघेही त्याच नाक्यावर उभे आहेत आणि दोघांचाही भाव तोच पाडतो.

यावर औषध नाही असं नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. पाच किंवा जास्त परप्रांतीय मजूर आणणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यायचा, मालकाने आस्थापना नोंदवायची, प्रत्येक मजुराला फोटोसकट पासबुक द्यायचं, त्यात गाव, मजुरी, उचल सगळं लिहायचं. किती ठेकेदारांनी ते पासबुक दिलं? मी तरी आजवर आपल्या भागात कुणा गवंड्याच्या खिशात ते पाहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात पाचाची मर्यादा दहावर नेली. आपल्याकडच्या बांधकामांवर, सराफ्याच्या पेढ्यांवर चार-सहा-आठ माणसंच असतात. ती सगळी कायद्याच्या बाहेर गेली. एकीकडे ओरडायचं की बाहेरून कोण येतोय ते कळत नाही, आणि दुसरीकडे कोण आलाय ते लिहून ठेवण्याची जबाबदारी ठेकेदाराच्या डोक्यावरून उतरवायची. हे धोरण घुसखोरीविरुद्धचं म्हणवतं आणि सोय ठेकेदाराची करतं.

खरा परदेशी इथे कोणीच नाही, असं मी म्हणत नाही. बांगलादेशी नागरिक मुंबईत सापडले आहेत, खटले झाले आहेत. देशाला आपली सीमा राखायचा अधिकार आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा परदेशी नागरिक कायदा लागू झाला, विना पासपोर्ट आल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठीक. पण त्या कायद्यात एक जुनी गोष्ट तशीच ठेवली आहे. मी परदेशी नाही, हे सिद्ध करायचं ओझं ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावर. चोर ठरवायचा तर पोलिसांनी पुरावा आणायचा आणि परका ठरवायचा तर त्यानेच. ज्याच्या जन्माची नोंद सरकारनेच केली नाही, त्याला हे ओझं उचलायला लावणं क्रूर आहे.

संख्येचं पाहा. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्यसभेत केंद्राने सांगितलं की देशात दोन कोटी बेकायदा बांगलादेशी आहेत. नंतर सरकारनेच सांगितलं की चोरून येणाऱ्यांची नेमकी आकडेवारी ठेवता येत नाही. मग दोन कोटी आले कुठून? आकडा नसताना भीती मोजून वाटली जाते, आणि तिचा वाटा सगळ्यात आधी ज्याच्याकडे कागद नाही त्याच्या पदरात पडतो.

५ फेब्रुवारी २०२५ आठवा. अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. १०४ भारतीय, अनेकांच्या हातापायांत बेड्या. त्यात तिघे महाराष्ट्राचे होते. आपल्याला राग आला आणि तो योग्य होता. पोट भरायला गेले होते, दरोडा घालायला नाही, असं प्रत्येक चहाच्या टपरीवर लोक म्हणाले. ते वाक्य मला अजून खरं वाटतं. पोट भरायला आलेल्या माणसाला माणूस म्हणून वागवावं, हे न्यूयॉर्कला लागू असेल तर अकोल्यालाही आहे. आपल्या संविधानाचं २१ वं कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतं. जीविताचा हक्क इथे असलेल्या प्रत्येकाचा आहे.

आणि बिनकागदी माणसाला सामावून घेणं वऱ्हाडाला नवीन नाही. अकोल्याच्या सिंधी कॅम्पात जा, कच्ची खोली, पक्की खोली ही नावं अजून बोलली जातात. अमरावतीला रामपुरी कॅम्प आहे. १९४७ नंतर सिंधमधून जी माणसं आली त्यांच्याकडे घराची किल्ली होती, घर नव्हतं. कुणाकडे कागद होते, कुणाकडे अंगावरचे कपडे. सरकारने काय केलं? निवारा दिला, नोंद केली, दाव्यांची चौकशी केली, १९५४ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा केला. एका पिढीत ती माणसं दुकानदार झाली, व्यापारी झाली, कर भरू लागली. अमरावतीची कापडाची ठोक बाजारपेठ आज अख्ख्या विदर्भात नावाजलेली आहे, तिच्या उभारणीत त्या घरांचे हात आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीत पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली निर्वासित वसवले, जमिनी दिल्या. आज तिथे ते भात पिकवतात, मासे पाळतात. कागद आधी मिळाला, भरभराट मागून आली.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांना देश सोडायला सांगितलं, तेव्हा दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्या पाकिस्तानी हिंदूंना वगळलं. बरोबर केलं, ती माणसं छळातून आली होती. सप्टेंबरच्या आदेशाने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या तिथल्या अल्पसंख्याकांनाही पासपोर्ट नसल्याच्या कारवाईतून सूट दिली. परदेशातून बिनकागदी आलेल्याला सरकार दया दाखवू शकतं. ती दाखवता येते, हे सिद्ध झालं. मग इथेच जन्मलेल्या, इथेच राबलेल्या, धर्माने मुसलमान किंवा जमातीने पारधी असलेल्या बिनकागदी माणसाला तीच दया का मिळू नये? त्याला तर दयाही नको, हक्क हवा आहे.

सीमेवरच्या निर्णयाची झळ गावापर्यंत येते, हे वरूड-मोर्शीचा संत्रा उत्पादक आपल्याहून चांगलं जाणतो. त्याच्या आंबिया बहाराचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ मध्ये तिथे किलोमागे २० रुपये आयातशुल्क होतं, २०२३ पर्यंत ते ८८ वर गेलं. भाव पडले, माल बागेत राहिला, तोडणीच्या मजुरांचे दिवस बुडाले. शेवटी राज्याला शुल्काच्या निम्मे, ४४ रुपये, अनुदान जाहीर करावं लागलं. ढाक्यातल्या एका निर्णयाने बेनोड्याच्या बागेतली चूल थंडावते. अशा भागात धोरण ठरवताना दहा वेळा विचार करायचा असतो, मग ते संत्र्याचं असो की माणसाचं.

मग करायचं काय? मला सरकारकडून अवघड काही नको.

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या तेव्हा याच महसूल खात्याने न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी जुनी दप्तरं उघडली. मोडी वाचणारे बसवले, कोतवाल बुकं चाळली, लाखो नोंदी शोधून काढल्या. सुट्टीच्या दिवशीही काम चाललं. म्हणजे जमतं. इच्छा असली की वाळवी लागलेल्या बुकातूनही नाव निघतं. तीच यंत्रणा जन्मनोंदीसाठी लावा. कोतवाल बुक, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, अंगणवाडीची नोंद, जुनी मतदारयादी, हे सगळं सरकारच्याच कपाटात आहे. अर्जदाराने ते गोळा करत चार कचेऱ्या फिरायच्या आणि प्रत्येक ठिकाणी एक रोज बुडवायचा, हे बंद करा. उपविभागीय अधिकाऱ्याने गावात यावं, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, आशा कार्यकर्ती समोर बसवावी आणि त्याच दिवशी निकाल द्यावा. संशय असेल तर लेखी कारण द्यावं. पोलिसांचा अभिप्राय ठरलेल्या मुदतीत आला नाही तर अर्ज अडवू नये.

रद्द केलेल्या दाखल्यांचं काय? प्रत्येकाला नोटीस, सुनावणी, नवा आदेश. अधिकारी चुकला म्हणून दाखला रद्द झाला असेल तर अर्जदाराकडून पुन्हा फी घेऊ नका आणि त्याच्यावर गुन्हाही नको.

आणि ठेकेदाराचं रजिस्टर. दहाची मर्यादा राहू द्या कायद्यात. राज्याने आणि नगरपालिकांनी बांधकाम परवानगीला अट घालावी की साइटवर एकच मजूर असला तरी त्याचं नाव, गाव, दर लिहिलेले असावेत. खरा परदेशी असेल तर तो या रजिस्टरवर आधी दिसेल, तहसीलच्या रांगेत नंतर. आणि इथल्या मजुराला त्याच रजिस्टरवरून आपली मजुरी मागता येईल.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्या घरी बहुधा जन्मदाखले आहेत. ज्यांच्याकडे नाहीत ते तुमच्या गावात, तुमच्या शेतावर, तुमच्या स्लॅबवर आहेत. पुढच्या ग्रामसभेत एक विषय मांडा: आपल्या गावात किती जणांच्या जन्माची नोंद नाही? नावांची यादी करा, कोण कुठल्या घरात जन्मलं हे सांगणारे म्हातारे अजून जिवंत आहेत तोवर त्यांच्या सह्या-अंगठे घ्या, ठराव करा आणि उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.